मांदे गिटार: अंगठा, तर्जनी आणि बारा मात्रांचं आवर्तन

पश्चिम आफ्रिकेतली मांदे गिटार शिकायला बसलेला माणूस सहसा आधी कॉर्ड शोधतो. गाणं ऐकतो, त्यातले सी, एफ, जी ओळखतो, स्ट्रमिंग सुरू करतो, आणि दोन मिनिटांत त्याला कळतं की सूर बरोबर लागताहेत, पण गाणं काही ते नाही. अडचण डाव्या हातात नसतेच. या संगीतात कॉर्ड छेडत नाहीत. अंगठा खालची एक ओळ चालवतो, तर्जनी वरची दुसरी ओळ चालवते, आणि दोन्ही एकमेकींच्या फटींत बसल्या की ऐकणाऱ्याला कॉर्डचा भास होतो. ही वीण गिटारवाल्यांनी शोधलेली नाही. ती कोरा, न्गोनी आणि बाला या तीन जुन्या वाद्यांवरून गिटारवर आली. म्हणून हा लेख उजव्या हातापासून सुरू होतो आणि बराचसा तिथेच रेंगाळतो.

सरावासाठी सहा तारांची साधी गिटार, कॅपो (सगळ्या तारा फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) आणि मेट्रोनोम एवढं पुरेल. साधे कॉर्ड धरता येत असतील आणि सरगम कानाला ओळखीची असेल, तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

हा हात आला कुठून

मांदे म्हणजे आजच्या माली आणि गिनीच्या सीमेवरचा प्रदेश, आणि तिथून पसरलेल्या भाषा बोलणारे लोक: मालीतले बामाना आणि मानिंका, गांबिया-सेनेगलमधले मांदिंका. तेराव्या शतकात सुंजाता केइता याने इथे माली साम्राज्य उभं केलं. त्याच्या पराक्रमाची गाथा आजही गायली जाते, आणि ती गाण्याचा मान जेली घराण्यांचा आहे. मांदिंका बोलीत त्यांना जाली म्हणतात. वंशावळी तोंडपाठ ठेवणं, घराण्यांची स्तुती गाणं, तंटे मिटवणं आणि वाद्य वाजवणं ही सगळी कामं जन्माने त्यांच्याकडे येतात. आपल्याकडचा भाट आणि शाहीर एकत्र केले तर थोडी कल्पना येईल. कुयाते, जाबाते, सिसोको, तुंकारा, कांते ही आडनावं अल्बमवर पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचं कारण हेच.

इब्न बतूता १३५२-५३ मध्ये मालीच्या दरबारात गेला होता. खाली छोटे भोपळे बांधलेलं वाद्य तिथे वाजताना पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे बाला त्या काळी दरबारात रुळलेला होता. हाच प्रवासी त्याआधी आपल्या दौलताबादलाही येऊन गेला होता आणि तिथल्या गायक-वादकांच्या बाजाराचं वर्णन त्याने तितक्याच आवडीने केलं आहे.

तिन्ही वाद्यांची ओळख करून घ्या, कारण पुढची प्रत्येक सूचना यांतल्या एकाकडे बोट दाखवते.

कोराचा सांगाडा म्हणजे मोठा अर्धा भोपळा. त्यावर गाईचं कातडं ताणलेलं असतं आणि उंच उभ्या घोडीच्या दोन्ही बाजूंना मिळून २१ तारा असतात: डावीकडे ११, उजवीकडे १०. वादक दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्याच चार बोटांनी वाजवतो. बाकीची बोटं दोन खुंट्या धरून ठेवतात. सप्तकातले लागोपाठचे सूर बहुतांशी आळीपाळीने दोन बाजूंना असतात, त्यामुळे सरळ सरगमसुद्धा दोन हातांत वाटली जाते.

न्गोनी हे होडीच्या आकाराचं, कातड्याने मढवलेलं छोटं वाद्य. तारा चार ते सात. आवाज कोरडा आणि झटकन विझणारा, त्यामुळे वादक सतत वाजवत राहतो आणि डाव्या बोटांनी तारा खेचून जादा सूर काढतो.

बाला म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, दोन काठ्यांनी वाजतं. प्रत्येक पट्टीखालच्या भोपळ्याला भोक पाडून त्यावर पातळ पापुद्रा चिकटवतात. पूर्वी तो कोळ्याच्या कोशाचा असे. त्याची झिणझिण हा आवाजाचाच भाग आहे. कोरा आणि न्गोनीलाही कड्या लावलेली पत्र्याची पट्टी बसवतात, तीही याच झिणझिणीसाठी.

गिटार गिनीत आणि मालीत वसाहतकाळात आली आणि ज्यांच्या हाती पडली त्यांच्यात जेली बरेच होते. त्यांनी घरचं वाद्य तिच्यावर वाजवायला सुरुवात केली. गिनीतल्या मानिंका वादकांच्या गिटारमध्ये बाला ऐकू येतो: तुटक, ठोकल्यासारखे सूर, दोन काठ्यांचा पाठलाग. मालीत न्गोनीचा हात दिसतो, तर पश्चिमेकडे कोराचा. पुढे २ ऑक्टोबर १९५८ला गिनी आणि २२ सप्टेंबर १९६०ला माली स्वतंत्र झाले आणि नव्या सरकारांनी वाद्यवृंदांना आश्रय दिला. गिनीत बेयला गावी १९६१ मध्ये बेंबेया जाझ उभा राहिला, त्यात गिटारवर सेकू जाबाते. बामाकोच्या रेल्वे स्टेशनावरच्या हॉटेलात १९७० मध्ये रेल बँड सुरू झाला, त्यातून सालिफ केइता आणि मोरी कांते हे गायक पुढे आले, आणि गिटारवर कीता गावचे जेलीमादी तुंकारा दीर्घकाळ राहिले. या दोन वृंदांची जुनी रेकॉर्डिंग्ज रोज अर्धा तास ऐका. कान तयार व्हायला दुसरा रस्ता नाही.

एक घोळ आधीच मिटवू. निआफुंकेचे अली फार्का तुरे थोर वादक, पण त्यांचं संगीत प्रामुख्याने उत्तर मालीच्या सोंघाय आणि फुला परंपरेतलं, बहुतांशी पाच सुरांचं. वासुलू भागाचं शिकाऱ्यांच्या वाद्यावरून आलेलं संगीतही पाच सुरांचं. जेलींचं संगीत सात सुरांचं आहे. तिन्ही सुंदर आहेत, पण इथे शिकवलेले हात पहिल्या दोघांवर बसवू नका.

गिटारची तयारी

नायलॉन तारांची क्लासिकल गिटार सगळ्यात जवळची, कारण कोरालाही आता नायलॉनच्या, मासेमारीच्या दोऱ्याच्या तारा असतात. नॉर्मल टेन्शनचा सेट घ्या. स्टीलच्या तारा असतील तर ०.०११चा हलका सेट लावा. त्याहून जाड तारांवर तर्जनी दहा मिनिटांत थकते.

ट्यूनिंग नेहमीचंच: सहाव्या तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. कॅपो पाचव्या फ्रेटवर लावा आणि सी कॉर्डच्या आकारात वाजवा. प्रत्यक्ष आवाज एफचा येईल, आणि कोरा अनेकदा एफच्या आसपासच लावतात. शिवाय कॅपोमुळे तारा आखूड होतात, खालचा घुमारा कमी होतो आणि आवाज कोराच्या जवळ जातो. कॅपो फ्रेटला अगदी खेटून, पण त्याच्यावर न चढवता लावा आणि लावल्यावर पुन्हा ट्यून करा. तिसरी तार हमखास चढलेली असते. लेखात पुढे फ्रेटचे आकडे कॅपोपासून मोजले आहेत.

अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख बोटाच्या टोकापुढे दीड-दोन मिलिमीटर असावं. फक्त मांसाने वाजवलं तर सुरुवातीचा टणक ठोका मिळत नाही. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी गिटारच्या अंगावर हलकी टेकवून ठेवा. कोरावादकाची तीन बोटं खुंट्या धरतात, त्याचीच ही जागा. ज्यांनी क्लासिकल गिटार शिकली आहे त्यांना मधलं बोट आणि अनामिका वापरायचा मोह होईल. तो पहिले तीन महिने टाळा. या संगीताचा जोर आणि दम दोन बोटांच्या मर्यादेतून येतो. तिसरं बोट आलं की सूर गुळगुळीत होतात.

अंगठा खाली मारतो, तर्जनी वर ओढते. तारेपासून बोट सेंटीमीटरभराहून लांब जात असेल तर वेग कधीच वाढणार नाही.

पहिली पायरी: गिटार बाजूला ठेवा

बरेचसे जुने मांदे तुकडे बारा मात्रांच्या आवर्तनात आहेत. लांबान, म्हणजे जेलींचं स्वतःचं उत्सवाचं संगीत, त्यातलंच. या बारा मात्रांत एकाच वेळी दोन मोजण्या चालतात. पायाने चार ठोके द्या: १, ४, ७, १० या मात्रांवर. टाळीने सहा ठोके द्या: १, ३, ५, ७, ९, ११ वर. दोन्ही एकत्र पडतात फक्त १ आणि ७ वर.

तबल्याच्या भाषेत सांगायचं तर पायाच्या तुलनेत टाळी दीडपट, म्हणजे आड लयीत आहे. फरक इतकाच की आपल्याकडे आड ही मूळ लयीवर केलेली करामत असते, तिथे दोन्ही लयी सारख्याच मूळ असतात. ऐकणारा मनाने एकीवरून दुसरीवर जाऊ शकतो आणि वादकाला तेच हवं असतं.

मेट्रोनोम ५० वर लावा, प्रत्येक क्लिक म्हणजे पायाचा एक ठोका, म्हणजे तीन मात्रा. पाच मिनिटं थांबू नका. मग पाय आणि टाळी तशीच ठेवून मोठ्याने बोला, "एक दोन तीन चार". बोलताना टाळी अडखळली तर अजून बसलेली नाही. ही पायरी कंटाळवाणी वाटून बहुतेक जण सोडतात, आणि मग सहा महिन्यांनी त्यांचं वादन सरळ सहा-आठच्या गाण्यासारखं डुलायला लागतं.

दुसरी पायरी: कुंबेंगो

कुंबेंगो म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा मूळ साचा. आपल्या लेहऱ्याशी त्याचं नातं लगेच जाणवेल, पण लेहरा तबल्यासाठी पाया धरतो, इथे कुंबेंगो हेच संगीताचं शरीर असतं. तुकड्याचं नाव घेतलं की वादकाच्या मनात चाल येत नाही, कुंबेंगो येतो.

खालचा साचा कोणत्याही पारंपरिक तुकड्याचा नाही. हात घडवण्यासाठी त्याच पद्धतीने बांधला आहे. पाचव्या तारेवरचा तिसरा फ्रेट हा मध्य सा मानला आहे.

मात्रा १: अंगठा पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट (सा), त्याच क्षणी तर्जनी पहिली तार मोकळी (तार ग)
मात्रा २: काही नाही
मात्रा ३: तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट (तार सा)
मात्रा ४: अंगठा चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट (ग)
मात्रा ५: तर्जनी तिसरी तार मोकळी (प)
मात्रा ६: काही नाही
मात्रा ७: अंगठा चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट (म), सोबत तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट (तार सा)
मात्रा ८: काही नाही
मात्रा ९: तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट (ध)
मात्रा १०: अंगठा चौथी तार मोकळी (रे)
मात्रा ११: तर्जनी दुसरी तार मोकळी (नि)
मात्रा १२: काही नाही

डाव्या हाताला हा साचा सोपा आहे: पहिलं बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं दुसऱ्या फ्रेटच्या सुरांना, अनामिका तिसऱ्या फ्रेटच्या सुरांना. सगळं लक्ष उजव्या हातावर ठेवता यावं म्हणूनच तो असा बांधला आहे.

आता क्रमाने. आधी फक्त अंगठा: सा, ग, म, रे, पन्नास आवर्तनं, प्रत्येक क्लिकवर एक सूर. मग फक्त तर्जनी, पण पायाने ठोके चालू: ग, सा, प, सा, ध, नि. इथे पाय आणि तर्जनी भांडतील, पहिल्या पायरीचा उपयोग आत्ता होतो. मग दोन्ही एकत्र, ५० वर. गाडी अडकली तर ती बहुतेक ३-४-५ या मात्रांच्या तिढ्यात अडकते. तेवढ्याच तीन मात्रा काढून तर्जनी, अंगठा, तर्जनी असं शंभर वेळा वाजवा. ९-१०-११ मध्येही हाच तिढा आहे, फक्त तारा वेगळ्या. एक सुटला की दुसरा आपोआप सुटतो.

आवाजाचा समतोल इथेच ठरवा. खालच्या सुरांपेक्षा वरचे सूर किंचित मोठे हवेत. नवशिक्याचा अंगठा जड पडतो आणि वरची ओळ बुडते. फोनवर रेकॉर्ड करून ऐका: तर्जनीची ओळ वेगळी गुणगुणता आली तर समतोल बरोबर आहे.

वेग आठवड्याला पाच-सहा क्लिकने वाढवा. १०० क्लिकवर मिनिटाला ३०० मात्रा होतात, म्हणजे सेकंदाला पाच. तिथे पोचायला दोन-तीन महिने लागतील आणि घाई करण्यात काही अर्थ नाही. पुष्कळ तुकडे याहून संथ असतात.

वेगाहून महत्त्वाची कसोटी टिकण्याची आहे. ७० वर दहा मिनिटं न थांबता, न बदलता वाजवा. तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. पाचव्या-सहाव्याला कान आपोआप दुसरी मोजणी ऐकू लागतो, अंगठ्याऐवजी तर्जनी पाया वाटायला लागते आणि साच्याची सुरुवात वेगळ्याच जागी असल्याचा भास होतो. गोंधळू नका, पाय सोडू नका. या साच्यांत आपल्यासारखी सम दणक्याने जाहीर केलेली नसते. ती पायात असते, आणि शंका आली तर नाचणाऱ्याच्या पायाकडे बघायचं.

तिसरी पायरी: एका वेळी एक बदल

चांगला जेली वीस मिनिटं एकच कुंबेंगो वाजवतो आणि तो कधीच तसाच्या तसा नसतो. बदल मात्र इतके छोटे असतात की साचा हललेला जाणवत नाही. नियम सोपा: एका वेळी एकच मात्रा बदला, चार आवर्तनं ठेवा, परत मूळ साच्यावर या.

करून पाहण्यासारखे बदल: अकराव्या मात्रेवर नि ऐवजी तार रे, म्हणजे दुसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट. दहाव्या मात्रेवर अंगठ्याने रे ऐवजी मंद्र प, सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट. तिसरी मात्रा गाळून तिथे शांतता. पहिल्या मात्रेवर तर्जनीने ग ऐवजी प, पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट, आणि बोट खेचून लगेच मोकळा ग. हे खेचणं, पुल-ऑफ, न्गोनीवरून आलेलं आहे. ते मात्रा २ वर नेमकं पडलं पाहिजे. लवकर पडलं तर ते नुसतं सजावटीसारखं वाटतं, नेमकं पडलं तर तिसरं वाद्य आल्यासारखं वाटतं.

बालाचा आवाज हवा असेल तर उजव्या तळव्याची कड घोडीपाशी तारांवर हलकी टेकवा. सूर पूर्ण मरू देऊ नका, त्याचं शेपूट तेवढं कापलं जावं. तळवा दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे सरकवत योग्य जागा शोधा. इलेक्ट्रिक गिटारवर बरेच वादक थोडा फेजर किंवा कोरस हा इफेक्ट लावतात. बालाच्या पापुद्र्याची झिणझिण आठवली तर ही आवड कुठली ते कळतं.

चौथी पायरी: बिरिमिंतिंगो

कुंबेंगो सोडून वादक जी धाव घेतो ती बिरिमिंतिंगो. धाव बहुतेक वेळा वरून खाली येते, पाणी उतारावरून यावं तशी, आणि कुंबेंगोच्या ओळखीच्या जागी मिसळून जाते.

सुरुवात बारा सुरांच्या उतरणीने करा. तार प पासून मध्य सा पर्यंत:

पहिली तार: तिसरा फ्रेट, पहिला फ्रेट, मोकळी (प म ग)
दुसरी तार: तिसरा, पहिला, मोकळी (रे सा नि)
तिसरी तार: दुसरा, मोकळी (ध प)
चौथी तार: तिसरा, दुसरा, मोकळी (म ग रे)
पाचवी तार: तिसरा (सा)

पहिल्या मात्रेवर कुंबेंगोचा जोडसूर वाजवा. दुसऱ्या मात्रेपासून धाव सुरू करा, प्रत्येक मात्रेला एक सूर. अकरा सूर बाराव्या मात्रेला संपतात आणि बारावा, म्हणजे सा, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर नेमका पडतो. उजव्या हाताची बोटं आळीपाळीने: तर्जनीने सुरुवात, मग अंगठा, मग तर्जनी. असं केलं की शेवटचा सा आपसूक अंगठ्याला येतो, आणि तर्जनी तार ग घेऊन कुंबेंगो सुरू करायला मोकळी असते.

अंगठ्याला पहिल्या-दुसऱ्या तारेवर जाणं सुरुवातीला विचित्र वाटेल. मनगट फिरवू नका, अख्खा पंजा किंचित खाली न्या. वेग ६० क्लिकच्या वर तेव्हाच न्या, जेव्हा प्रत्येक सूर सारख्या जोराचा येतो. धाव फिसकटण्याचं सर्वांत मोठं कारण बोटं नसतात, मन असतं: धाव सुरू होताच पाय थांबतो. पाय थांबला की मागे येण्याची जागा हरवते. म्हणून पहिले काही आठवडे दर धावेनंतर किमान चार आवर्तनं नुसता कुंबेंगो वाजवा.

पुढे धाव पाचव्या किंवा आठव्या मात्रेपासून सुरू करा. शेवट मात्र सा वरच नाही तर प वर, ग वरही करून बघा. सुरांच्या जोड्या पाडून उतरा: प म, म ग, ग रे, रे सा. तुमानी जाबाते यांचं एकट्याचं कोरावादन ऐका: अंगठे कुंबेंगो धरून असतात आणि तर्जन्या वर धावत असतात, एकाच वेळी. गिटारवर हे पूर्ण जमत नाही. दक्षिण आफ्रिकेचे डेरेक ग्रिपर यांनी कोराचे तुकडे क्लासिकल गिटारवर बसवून हे किती दूरवर नेता येतं ते दाखवलं आहे.

पाचवी पायरी: साउता, तीव्र मध्यमाचं घर

कोराच्या सुरावटींची वेगवेगळी नावं आहेत. हार्दिनो बिलावल थाटाच्या जवळची. साउतामध्ये मध्यम चढतो, म्हणजे आपला कल्याण थाट. गिटारवर यासाठी एक सुंदर सोय आहे: कॅपो काढा आणि सा एफवर धरा. आता सहाही मोकळ्या तारा सुरावटीत बसतात, आणि दुसरी मोकळी तार, बी, हाच तीव्र मध्यम होतो.

साचा असा. अंगठा मात्रा १ ला चौथी तार तिसरा फ्रेट (सा), ४ ला पाचवी तार तिसरा (मंद्र प), ७ ला सहावी तार तिसरा (मंद्र रे), १० ला चौथी मोकळी (मंद्र ध). तर्जनी १ ला तिसरी तार दुसरा (ग), ३ ला दुसरी तार पहिला (प), ५ ला परत ग, ७ ला दुसरी मोकळी (तीव्र म), ९ ला दुसरी तार तिसरा (ध), ११ ला पुन्हा तीव्र म. उजवा हात आधीचाच.

मराठी कानाला इथे यमन ऐकू येईल आणि हात मींड घ्यायला धावेल. आवरा. इथे सा आणि प टाळून चढायची रीत नाही, सूर ओढायचा नाही, तीव्र म वर रेंगाळायचं नाही. तो ठोक्यावर येतो आणि जातो.

बालासोबत वाजवताना

कोणी बालावादक भेटला तर गिटार बेसूर वाटेल आणि दोष कुणाचाच नसेल. बाला सप्तकाचे साधारण सात समान भाग करतो. प्रत्येक पायरी १७१ सेंटच्या आसपास (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग), तर गिटारचा एक फ्रेट १०० सेंटचा. त्यामुळे बालाचा ग साधारण ३४३ सेंटवर पडतो, गिटारचा शुद्ध ग ४०० वर आणि कोमल ३०० वर: तो दोन्हींच्या मध्ये आहे. नि तर सुमारे ७० सेंटनी उतरलेला. म आणि प मात्र जेमतेम १४ सेंटच्या फरकाने जुळतात. प्रत्यक्षात प्रत्येक बाला थोडा वेगळा लागलेला असतो, पण दिशा हीच.

उपाय: आधी गिटारचा सा बालाच्या सा ला मिळवा, बालाचा सूर बदलता येत नाही. मग साच्यातून ग आणि नि कमी करा. मात्रा १ ला तर्जनीने ग ऐवजी प, मात्रा ४ ला अंगठ्याने ग ऐवजी मंद्र प, मात्रा ११ ला नि ऐवजी रे. धावेत ग आला तरी चालतो, कारण तो थांबत नाही.

दुसरी गिटार

वृंदांत दोन-तीन गिटार असतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते. घरी दोघे असाल तर हे करा. पहिली गिटार कॅपो ५ वर सी आकारात मूळ कुंबेंगो वाजवेल. दुसरीने कॅपो ३ वर लावून डी आकार धरायचा, आवाज तोच एफचा. पहिलीच्या साच्यात २, ६, ८, १२ या मात्रा रिकाम्या आहेत. दुसरीने फक्त तिथेच वाजवायचं: २, ६, १२ ला पहिल्या तारेवर पाचवा फ्रेट (प), ८ ला सातवा (ध), कॅपोपासून मोजून. आता बाराही मात्रा भरल्या, आणि कोणीच एकटा बाराही मात्रा वाजवत नाही. दुसरीचं काम दिसायला सोपं, करायला फार अवघड, कारण तिला एकही ठोका पायासोबत मिळत नाही. आलटून पालटून जागा बदला.

गायकासोबत

मूळ तुकडे शिकायला लागाल तेव्हा काइरापासून सुरुवात करा. १९४०च्या दशकात पश्चिम मालीत तो लोकप्रिय झाला, आणि तुमानींचे वडील सिदिकी जाबाते यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. मग लांबान. कोरा शिकणाऱ्या मुलांना परंपरेने केलेफा साने या कआबू राज्याच्या योद्ध्यावरचे तुकडे आधी देतात, तेही उत्तम. सुंजाताच्या स्तुतीचा तुकडा मागे ठेवा. तो वाजवता आला तरी साथ करायला समज लागते.

गाण्याचे दोन भाग ओळखायला शिका. दोंकिलो म्हणजे ठरलेली चाल, सगळे मिळून म्हणतात. सातारो म्हणजे पठण: गायक लांब श्वासाने वंशावळ, पराक्रम, सुभाषितं ओततो, लयीपासून मोकळा, वरून खाली उतरत. या वेळी हार्मोनियमवाला करतो तसं गायकाच्या मागे सुरासुरांनी जायचं नाही. कुंबेंगो तसाच ठेवायचा, आवाज अर्ध्यावर आणायचा, धाव पूर्ण बंद. गायकाने श्वास घेतला की त्या फटीत चार-पाच सुरांचं उत्तर द्यायचं आणि तो पुन्हा सुरू करायच्या आत साच्यावर परतायचं.

सातारोत नावं उच्चारली जातात. समोर बसलेल्या माणसाच्या पूर्वजांचं नाव आलं की तो उठून गायकाला पैसे देतो. अशा वेळी वादक आवर्तन लांबवतो, काहीही नवीन वाजवत नाही. शेजारी एक जण प्रत्येक ओळीनंतर "नामू" म्हणत असतो, म्हणजे "होय, खरं आहे". पोवाड्यातल्या "जी जी रं जी"चं काम तो करतो. तो शब्द कुठे पडतो ते ऐका. रेकॉर्डिंग लावून, गिटार मांडीवर ठेवून, सातव्या मात्रेच्या आसपास तुम्हीही हळूच "नामू" म्हणत चला, आणि दहा मिनिटांनी त्याच जागी हात ठेवून कुंबेंगो सुरू करा.